ओव्याच्या डब्यातलं पाकीट

ओव्याचा वास आला की मला सातपूरची आमची दोन खोल्यांची जागा आठवते. दुसऱ्या मुलीनंतर डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या, दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या मी ओव्याच्या डब्यात लपवायचे आणि रोज जेवण झालं की न चुकता एक घ्यायचे. एकदा सासूबाईंना ते पाकीट सापडलं आणि रविवारी मोठे दीर बायकोला घेऊन देवळालीहून मला समज द्यायला आले. स्वतःच्या पाच पोरांची नावं घेताना गोंधळणारा हा माणूस पाकीट उलटं धरून म्हणाला, “घराण्याला मुलगा नको का? असली औषधं आपल्यात चालत नाहीत.” गोळ्यांचं नवऱ्यानं आणि मी मिळून ठरवलं होतं, पण तो पेपरात तोंड खुपसून बसला. कारखान्याच्या गेटवर भाषणं ठोकणाऱ्या त्या वाघाची मला किळस आली. मी दिरांच्या हातातून पाकीट काढून घेतलं, “भाऊजी, नऊ महिने पोटात मूल मला वाढवायचंय, तुम्हाला नाही,” असं म्हणाले आणि सगळ्यांदेखत त्या दिवसाची गोळी गिळली. ते तणतणत बाहेर गेले. मी भांडी आवरत होते, तेवढ्यात जाऊबाई मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, “कुठं मिळतात गं या? रोज घ्यायच्या ना?” त्यांना सहावं मूल झालं नाही. त्याचं श्रेय भाऊजींनी स्वतःच्या संयमाला दिलं. अजूनही लग्नाकार्यात ते तरुण पोरांना संयमाचे धडे देतात, आणि आम्ही दोघी जावा, हसू फुटू नये म्हणून, एकमेकींकडे बघायचं टाळतो.