पल्लवीले काऊन नाई झालं?

“आधी हिचं रक्त तपासा मॅडम,” म्हणत ज्योतीताईंनी आपल्या भाचीला, पल्लवीला, खुर्चीत बसवलं. पल्लवीची आई रेखा, म्हणजे ज्योतीताईंची नणंद, दारातच उभी राहिली.

पिपरी मेघेत माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. ज्योतीताईंची सतरा वर्षांची श्रेया तीन दिवसांपासून काविळीनं ॲडमिट होती. रिपोर्ट मीच दिला होता: हिपॅटायटिस ए. हा विषाणू रुग्णाच्या शौचातून पाण्यात, अन्नात जातो आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात. श्रेयाचं रक्त गोठायला वेळ लागू लागला होता. म्हणजे लिव्हर थकत होतं. डॉक्टर काळजीत होते.

“आमच्या घरी फिल्टरचं पाणी हाये. पोरीले बाहेरचं कधी देल्लं नाई. मागच्या महिन्यात रेखाच्या गावाले चार दिवस राह्यली, अन् हे झालं,” ज्योतीताई म्हणाल्या.

“पल्लवीबी तेच पाणी पेते वहिनी,” रेखा म्हणाली. “जामच्या फाट्यावर दोघींनी बर्फ टाकून उसाचा रसबी पेला. मंग हिले काऊन नाई झालं?”

हाच प्रश्न मलाही पडला होता. पल्लवीचं रक्त घेतलं. आम्ही रक्तात दोन अँटीबॉडी बघतो. आयजीएम असली, तर आजार आत्ताचा. नुसती आयजीजी असली, तर आजार जुना, किंवा लस घेतलेली.

पल्लवीला नुसती आयजीजी निघाली.

“लस दिली होती?”

“नाई जी.”

“कावीळ?”

“कधीच नाई.”

“मग लहानपणीच होऊन गेली,” मी म्हटलं. “पाच-सहा वर्षांच्या आत झाली, तर बहुतेक मुलांचे डोळेही पिवळे होत नाहीत. थोडा ताप, एखादी उलटी. आई विसरून जाते. मोठेपणी मात्र हाच आजार जास्त छळतो.”

ज्योतीताई बाकावर बसल्या. “म्हणजे मीच चुकली काय? पोरीले घाण पाणी पाजाले पाह्यजे होतं?”

माझ्याआधी रेखाच बोलली.

“नाई वहिनी. त्याच पाण्यानं पल्लवीच्या पाठची गेली. हगवण लागली, दोन दिवसांत गेली. तुमी बरोबर केलं.”

ज्योतीताईंनी सरकून तिला बाकावर जागा दिली.

श्रेयाच्या धाकट्या भावाच्या रक्तात दोन्ही अँटीबॉडी नव्हत्या. बालरोगतज्ज्ञांनी त्याला लगेच लस दिली. दोन दिवसांनी श्रेयाचे आकडे उतरू लागले. दीड महिन्यानं ती कॉलेजला गेली. विषाणू गावच्या पाण्यातून आला की जामच्या बर्फातून, ते मात्र कळलं नाही. रक्त तेवढं सांगत नाही.

तेव्हापासून काविळीचा रिपोर्ट न्यायला कुणी आलं, की घरातल्या मुलांना लस दिली का, हे मी विचारते. काहींना वाटतं, मॅडम धंदा वाढवतात. लस मी विकत नाही.