दोघींचं भरलेलं घर

आमच्या सिडनीतल्या गिरावीनच्या शेजारणीच्या घराइतकं भरलेलं घर मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, आणि त्या घरात राहतात फक्त दोघी: ती आणि तिची नव्वदीकडे झुकलेली आई. माणसं मूळची चिलीची. आमची ओळखच गैरसमजातून झाली. आम्ही नवे राहायला आलो तेव्हा कुंपणापलीकडून सारखं "या, या!" ऐकू यायचं. मला वाटलं, काय हे अगत्य! एक दिवस शिऱ्याची वाटी घेऊन मी सरळ आत गेले. त्यांच्या भाषेत 'या' म्हणजे 'बरं बरं', हे मला सोफ्यावर बसल्यावर कळलं. ती मात्र जराही दचकली नाही. "नो वरीज, बस," म्हणाली. त्या घरात कुणी आपणहून आलेलं तिने फार दिवसांनी पाहिलं असावं.

तिचा खरा गुण नंतर कळला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्या खिडकीसमोर. एकदा भर दुपारी तिथून पुरुषाच्या खाकरण्याचा आवाज आला, मग जड पावलं, मग खर्जातलं हसणं. पाठोपाठ किनऱ्या आवाजात कुणी बाई गुणगुणायला लागली. बाहेर गाडी तर एकटीचीच. माझा मुलगा शाळेतून येऊन खिडकीशी थबकला. "मम, देअर आर लाइक फाइव्ह पीपल इन देअर," तो कुजबुजला. मी त्याला गप्प केलं खरं, पण त्या संध्याकाळी देवापाशी दोन दिवे लावले.

शेवटी धीर करून विचारलं. तिने मला दाराआड उभं केलं. पलीकडे पाठमोरी बसलेली आई थोरल्या मुलाला हाका मारत होती, आणि माझ्यादेखत या बुटक्या बाईच्या तोंडून धिप्पाड पुरुषाचा आवाज निघाला. भाऊ पर्थला, बहीण मेलबर्नला. दोघांचे फोन येतात ते "आईला जप" एवढं सांगायला. आईला आता काही आठवत नाही, ती फक्त मुलं शोधत असते. म्हणून ही भावाचे बूट घालून पॅसेजमधून चालते, बहिणीचं अत्तर पडद्यांवर फवारते, टेबलावर दोन ताटं जास्तीची मांडते आणि तीही स्वतःच संपवते. "त्यानेच तर जाडी झाले, मेट!" ती हसून म्हणाली. कधी कधी ती स्वतःच्या आवाजात या भावाला झापायचीही, आणि भाऊ खालच्या आवाजात माफी मागायचा. खऱ्या भावाने ती कधीच मागितली नव्हती.

"आई सगळ्यांना हाका मारते, मला सोडून," ती एकदा म्हणाली. "मी समोरच असते ना. तिला वाटतं मी नर्स."

गेल्या हिवाळ्यात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. ते दोनदा पुढे गेलं, कारण भावाला सुटी नव्हती आणि बहिणीचा गुडघा दुखत होता. मग डॉक्टरांनीच दम भरला, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन म्हातारीपाशी बसायला गेले. "आवाज जमतील?" तिने अगदी गंभीरपणे विचारलं. भावाचं खाकरणं मला आधीच जमत होतं, सांगायला लाज वाटते.

पण त्या दिवशी म्हातारीने थोरल्याला हाक मारली नाही की मेलबर्नवालीला. ती खुर्चीत सावकाश वळली, घराचा कानोसा घेतला आणि तिसरंच नाव घेतलं. माझ्या शेजारणीचं. मग पुन्हा घेतलं, मग रडवेल्या आवाजात. ते घर इतकं सुनं मी कधीच ऐकलं नव्हतं. मी दाराआड गेले आणि शेजारणीच्या घोगऱ्या आवाजात ओरडले, "या बोय, मामा!" आले गं आई. म्हातारी शांत झाली. मी मात्र दाराआडच थांबले, ती पुन्हा हाक मारेल म्हणून.

शेजारीण परतली ती पोटावर हात धरून. दारातच विचारलं, "कुणाला हाका मारत होती?"

"तुला."

"खोटं."

मग मी तिला म्हातारीचाच आवाज काढून दाखवला. तिचं नाव, जसं ऐकलं होतं तसं. आतून थोरल्याला हाका सुरू झाल्या होत्या, पण ती उत्तर द्यायला गेली नाही. तशीच दाराला टेकून उभी राहिली.

"पुन्हा एकदा म्हण," ती म्हणाली.