शनीला सोडलेला जोडा

"जोडा कुठाय?"

रविवारी सकाळी नऊला भानुदास माझ्या दुकानासमोर अनवाणी उभा. दुपारी चारला नगरच्या मैदानावर साखर कारखान्यांची पाच मैलांची शर्यत. तो फॅक्टरीत सीझनपुरता वॉचमन. पहिल्या तिघांत आला तर परमनंट, नाहीतर पाथर्डीच्या घरच्यांबरोबर पुन्हा ऊसतोडीला. आणि मी आठ दिवस खपून शिवलेला जोडा गायब!

"आईनं शिंगणापूरला सोडला, मामा. काल शनिवार हुता."

मागे त्याची आई उभी होती. चेहऱ्यावर जरा म्हणून अपराधी भाव नाही. "पोराचं पाय लई दुखत हुतं, भाऊ. पनवती लागल्याबिगर असं हुतंय व्हय? जोडा सोडला की पनवती जाती."

"अहो बाई, मग जुना सोडायचा!"

"देवाला फाटकं देत्यात का?"

माझं डोकं सणकलं होतं, तरी हसूच फुटलं.

भानुदास हळूच म्हणाला, "जाऊन आनू का? तितं कोन चोरतंय?"

"पनवती परत घरात आनतोस व्हय रं?" आई कडाडली. विषय संपला.

आता माझा जीव का तळमळला ते सांगतो. फॅक्टरीचे लेबर ऑफिसर त्याला पहिल्यांदा घेऊन आले तेव्हा म्हणाले होते, "मास्तर, गादीसारखा मऊ जोडा करा." तीस वर्षं बूट शिवणारा मी, मुकाट्यानं तसाच शिवून दिला. चार दिवसांत भानुदास नडगी धरून परत आला. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. त्याचा पाय बादलीत बुडवून शहाबादी फरशीवर ठेवला. अख्खा तळवा उमटला. पायाला कमान अशी नाहीच. असा पाय पळताना आत कलतो, नडगीवर ताण येतो. त्याला आतल्या बाजूनं घट्ट टेका लागतो. ज्याची कमान उंच, त्याच्या पायाचा चवडा आणि टाच तेवढी उमटते. मऊ गादी हवी असते ती त्याला. मग मी टेका घालून दुसरा जोडा शिवला, आणि तोच देवाला गेला.

नवा जोडा दुपारपर्यंत होणं शक्य नव्हतं. पण टेका? पायाचा कागदावर काढलेला आकार माझ्याकडे होता. भानुदासच्या पिशवीत फॅक्टरीनं दिलेले कॅनव्हासचे बूट होते. वाकवून पाहिले. चवड्याशी वाकले, मधोमध दुमडले नाहीत. टाचही टणक होती. चालतील म्हटलं.

जाड चामडं आणि बुचाचा तुकडा चिकटवून रापीनं तासलं. आतल्या बाजूला उंच, बाहेर निमुळतं. वर पातळ रबर. टेके बुटांत सरकवले. "गल्लीच्या टोकापर्यंत पळून ये."

"टोचतंय, मामा."

पुन्हा तासलं. पुन्हा पळाला. तिसऱ्या खेपेला ओरडतच आला, "पाय आत पडंना झाला!"

दुकान बंद करून मीही मैदानावर गेलो. शेवटच्या फेरीला भानुदास पाचवा. मी त्याच्या तोंडाकडे नाही, घोट्याकडे बघत होतो. घोटा सरळ होता. एक मागे पडला, आणि अगदी दोरीजवळ आणखी एक. तिसरा! मी असा बोंबललो की शेजारचे दचकले. त्याची आई माझा हात धरून नाचत होती. मी रडत होतो, काय लपवायचं!

दुसऱ्या दिवशी लेबर ऑफिसर दुकानात आले. हातात भानुदासची परमनंटची ऑर्डर. "मास्तर, कमाल केलीत! आता असेच दहा जोड टेके करा. सगळ्या टीमला वाटू."

"करतो की. आधी दहाही माणसं पाठवा. बादलीत पाय बुडवून फरशीवर प्रत्येकाचा ठसा बघतो."

"अहो, बुटांचे नंबर देतो ना!"

"नंबरानं फक्त लांबी कळते, साहेब. भानुदासचा टेका दुसऱ्याच्या बुटात घातला तर तो लंगडत घरी जाईल."

साहेब स्टुलावर बसले. मग खाली वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "मास्तर, बादली कुठाय?"