टाळ्या पडलेलं व्याख्यान

लातूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. महादेवी हालकुडे यांच्याकडे डॉक्टरांच्या संघटनेनं प्रशिक्षणाचं काम सोपवलं, तेव्हापासून सभागृह कधी रिकामं राहिलं नाही. डॉक्टर झाल्यावरही नवं शिकत राहावं लागतं, त्याचे क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. पण बाईंच्या कार्यक्रमाला लोक आवडीनं यायचे, अगदी किनवटहूनसुद्धा. शेवटी "कसं वाटलं?" विचारलं की सगळे "उत्तम" म्हणायचे. बाईंनाही तेवढं मोजमाप पुरायचं. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा, हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान.

एका हिवाळ्यात मुखेड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात त्या शिबिराला गेल्या. तिथला तरुण डॉक्टर आनंदराज त्यांच्या त्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसलेला. दोघं चहा घेत होते, तेवढ्यात आतून सिस्टरची हाक आली. बाळ जन्मलं होतं, पण रडत नव्हतं.

आनंदराजनं बाळ पुसलं, पाठ चोळली, मग श्वास द्यायची अंबू बॅग घेतली. मास्क तिरपा बसला. बाळाची मान छातीकडे झुकलेली. बॅग दाबली की हवा गालावरून फुस्सकन निघून जायची. छाती हलेना, तसा तो आणखी जोरानं दाबायला लागला.

"सरका," बाई म्हणाल्या. त्यांनी मान जराशी मागे केली, मास्क घट्ट धरला. छाती वर आली. थोड्या वेळानं बाळानं हातपाय हलवले आणि बारीक आवाजात ते रडलं.

बाहेर बाळाच्या आजीनं बाईंचे पाय धरले. "देवानंच धाडलं बगा तुमाला."

बाईंनी पाय सोडवून घेतले. आनंदराज भिंतीला टेकून उभा होता, घामानं निथळत. त्याला झापायचं म्हणूनच त्या वळल्या.

"माझं व्याख्यान ऐकलं होतं ना तुम्ही?"

"हाव मॅडम. लई भारी होतं. सगळं पाठ हाय मला." त्यानं मान खाली घातली. "पण तिथं मास्क कुणाच्या हातात दिला होता? पडद्यावर बघितला नुसता. आज ह्या लेकराच्या तोंडावरच शिकून राहिलो होतो."

बाईंचं झापायचं राहूनच गेलं. परतताना गाडीत त्यांना त्या व्याख्यानात आपण केलेले विनोद आठवले. सभागृह पोट धरून हसलं होतं. आठवून कानशिलं तापली. इतकी वर्षं आपण लोकांना आवडलं का, एवढंच विचारलं. जमतं का, हे एकदाही नाही.

संघटनेच्या पुढच्या बैठकीत त्यांनी सगळं सांगून टाकलं, आणि यापुढं प्रत्येकाकडून करून घेऊन बघायचं म्हणाल्या. अध्यक्ष डॉ. शिवशंकर म्हणाले, "बाई, एकाला जमलं नाही म्हणून सगळ्या डॉक्टरांची परीक्षा घेणार? कोण येईल मग?"

"चूक त्याची नव्हती, माझी होती. पहिली परीक्षा माझीच घ्या."

पुढच्या कार्यक्रमात भाषण नव्हतं. टेबलांवर रबरी बाहुल्या होत्या. आल्या आल्या बाहुलीला श्वास देऊन दाखवायचा, शिकल्यावर पुन्हा, आणि काही महिन्यांनी बाई प्रत्येकाच्या दवाखान्यात येऊन बघणार. निम्मे लोक फिरकलेच नाहीत. जे आले, त्यांतल्या बहुतेकांच्या बाहुलीची छाती सकाळी हललीच नाही, आणि त्यांतल्या कित्येकांनी बाईंच्या व्याख्यानाला टाळ्या वाजवलेल्या. संध्याकाळपर्यंत मात्र सगळ्यांना जमलं.

बाईंना हायसं वाटलं. पण चाकूरला पाहणीला गेल्या तर तिथल्या डॉक्टरचा हात पुन्हा विसरलेला. बाहुलीची मान पुन्हा छातीकडे झुकलेली. एका दिवसाचं शिक्षण टिकत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. मग त्यांनी बाहुल्या केंद्रांतच ठेवल्या आणि दर आठवड्याला सराव लावून दिला. पुढच्या पाहणीत हातांतलं कसब टिकलेलं दिसू लागलं. आनंदराज तर आजूबाजूच्या केंद्रांत जाऊन शिकवायला लागला.

संघटनेनं सत्काराचं ठरवलं, तेव्हा शिवशंकर स्वतः निरोप घेऊन घरी आले. "किती लेकरं वाचली तुमच्यामुळं, मोजदाद न्हाई."

"आणि आधीच्या वर्षांत किती गेली, डॉक्टर?" बाई म्हणाल्या. "त्याचीही मोजदाद नाही."

बाईंनी सत्काराला नको म्हणून सांगितलं आणि निलंग्याची पाहणी राहिली होती, तिकडं जायला निघाल्या.