पेटीशी फोन धरा, बाई

पोळ्यानंतरच्या मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास आमच्या ऑफिसातला सर्व्हर बंद पडला. नंतरच्या शुक्रवारी दुपारी विलास रामटेके तिथे पोचले. सहा वर्षं ते या सर्व्हरची देखभाल करत होते. त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा.

ऑफिस वडशाच्या पुढे दोन तासांवर, जंगलाच्या तोंडाशी. एका लहान संस्थेचं. आसपासच्या गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे तयार करून देणं हे संस्थेचं काम. दाव्यांचे कागद, नकाशे आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे रेकॉर्ड केलेले जबाब सर्व्हरवर ठेवलेले असत. सर्व्हर म्हणजे शाळेच्या दप्तराएवढी काळी पेटी. आत दोन डिस्क. जे ठेवलं ते दोन्हींवर एकदम उमटायचं, एक गेली तरी दुसरी राहावी म्हणून.

रामटेके ब्रह्मपुरीला राहायचे. सकाळी कॉलेजात तासिकेवर कॉम्प्युटर शिकवायचे आणि दुपारी घरच्या पुढच्या खोलीत टेबलाशी बसून ती पेटी चालवायचे. मी दैनिकातली डेस्कची नोकरी सोडून संस्थेचे दावे लिहायला लागलो होतो. ब्रह्मपुरीत असलो की त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून काम करायचो. त्यामुळे त्यांच्या फोनवरच्या बोलण्याचा बराच भाग माझ्या कानांवर पडलेला आहे.

पलीकडे फुलाबाई नैताम असायच्या. ऑफिस उघडणं, झाडणं, चहा आणि पेटी, हे सगळं त्यांच्याकडे. रामटेक्यांना जे हात लागत ते फुलाबाईंचे. पेटीबद्दल तक्रार आली की रामटेके आधी पडद्यावर पाहत नसत. फोन उचलून म्हणायचे, "बाई, पेटीशी फोन धरा. अजून जवळ. हं." मग डोळे मिटून ऐकायचे. पंख्याचा आवाज, डिस्कचा आवाज. एकदा असंच ऐकून ते म्हणाले, "पंख्यात पाल गेली वाटते." फुलाबाईंनी मागचं झाकण काढलं. पाल नव्हती, शेपटी होती.

"बाकीची पाल कुठी गेली जी?" फुलाबाईंनी विचारलं.

"ते मले इथून नाई दिसत, बाई."

ऑफिसात जाण्याचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "जावं लागलं म्हंजे मी हरलो." वडशापर्यंत गाडी, पुढे बस, जायला अवघड काहीच नव्हतं. पण जावं न लागणं हेच आपलं कसब आहे, असं ते मानत. नागपूरच्या एका दुकानात त्यांनी चार वर्षं नोकरी केली होती. बॅग घेऊन ऑफिसं फिरायचं, टेबलाखाली शिरून वायरी खोचायच्या. त्या दिवसांबद्दल एवढंच म्हणायचे, "टेबलाखाली शिरलेल्या मानसाचं तोंड कोनी पायत नाई." संस्थेच्या वार्षिक बैठकीला बोलावणं यायचं तेव्हाही ते फोनवरून हजर राहायचे. फुलाबाई त्यांना टोमणा मारायच्या, "भाऊ, तुमी खरंच आहा का, का आवाजच आहा नुसता?"

फुलाबाईंनी त्यांना पाहिलेलं नव्हतं. रामटेक्यांनी ती खोली पाहिलेली नव्हती. पेटी बसवली तेव्हाचा एक फोटो होता. त्यात पेटी खिडकीजवळच्या स्टुलावर आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यात गळायला लागलं, म्हणून फुलाबाईंनी पेटी उचलून इन्व्हर्टरच्या मांडणीवर, इन्व्हर्टरला लागून ठेवली. त्यांनी हे फोनवर सांगितलं होतं. रामटेके म्हणाले होते, "बरं केलं. कोरडी आहे ना? झालं तं मंग."

होळीच्या आठवड्यातली गोष्ट. मी समोर बसलेलो होतो. फुलाबाईंचा फोन आला.

"भाऊ, एक दिवा लाल दिसून राह्यला जी."

"लाईन आहे का?"

"नाई. सकाळपासून गेली."

"मंग तो लालच राह्यते, बाई. इन्व्हर्टर बॅटरीवर गेला का लाल होते. काम चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मंग राहू द्या लाल."

आठ दिवसांनी फुलाबाईंनी पुन्हा विचारलं. त्याही दिवशी वीज नव्हती. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

पेटीनं स्वतःही कळवलं होतं. एक डिस्क गेली, असा मेल तिनं रामटेक्यांना पाठवला होता. पण वीज गेल्याचे आणि आल्याचे मेलही तीच पाठवायची, दिवसाला तीस-चाळीस. कंटाळून रामटेक्यांनी पेटीकडून येणारे सगळे मेल परस्पर एका वेगळ्या ठिकाणी जातील अशी सोय करून ठेवली होती. तिथे ते पाहत नसत.

तेंदूच्या हंगामात, मे महिन्यात, हेटीटोल्याचा दावा अंतिम टप्प्यात आला. गावाची जुनी शीव कुठून कुठे जाते हे सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, रैनू कुमोटी. शिवेवर सत्तावीस खुणा होत्या. दगड, झाडं, नाल्याची वळणं. प्रत्येकीचं गोंडी नाव आणि त्या नावामागची गोष्ट. बाराव्या खुणेपासून पुढे डोंगर आणि बांबू. वाद त्याच भागाचा होता. ऑफिसात बसून नावं सांगा, असं आम्ही सुचवलं तेव्हा रैनूबाबांनी मान हलवली. शिवेची नावं शिवेवर उभं राहूनच घ्यायची, आधी तिथे पाणी ओतून, आणि वर्षातून एकदाच. ते दोन दिवस चालले. मी रेकॉर्डर धरून मागे होतो. त्यांचा मुलगा मनिराम, जो गावच्या वनहक्क समितीचा सचिव आहे, पाण्याचा गडवा घेऊन पुढे होता.

माझ्या वहीत त्या दोन दिवसांची नोंद आहे. खुणेचा क्रमांक आणि वेळ. नावं किंवा जागा मी लिहिल्या नाहीत. गोंडी मला येत नाही आणि रेकॉर्डिंग चालू होतं. यंत्रानं जागा मोजून नकाशावर घ्यायचं काम पावसाळ्यानंतर ठरलं होतं.

रेकॉर्डिंग ऑफिसात येऊन पेटीवर चढवलं. रामटेक्यांनी ब्रह्मपुरीहून ते उघडून पाहिलं, सुरुवात ऐकली, शेवट ऐकला. नियमाप्रमाणे म्हणाले, "पेटीवर आलं. आता रेकॉर्डरचं कार्ड कोरं करा." हा नियम त्यांचाच. पूर्वी एकदा एक कार्ड काळी-पिवळी जीपमध्ये हरवलं होतं आणि दुसऱ्या गावाचा जबाब कोणाच्या तरी खिशात गेला होता. कार्ड मी कोरं केलं.

त्याच दिवशी रैनूबाबा मनिरामबरोबर ऑफिसात होते. त्यांनी फोन मागितला. फुलाबाईंनी लावून दिला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"कोन, पेटीवाले का?"

"हो बाबा. रामटेके."

"माहा आवाज भेटला का तुमाले?"

"भेटला बाबा. सत्तावीसच्या सत्तावीस."

"पावसात भिजन का?"

"नाई भिजत. दोन ठिकानी ठेवला आहे. एक गेलं तरी दुसरं राह्यते. तुमचा आवाज आता जात नाई."

रैनूबाबा हसले. म्हणाले, "मंग मी जाइन तं चालते."

तो आवाज दोन ठिकाणी नव्हता. एक डिस्क होळीतच गेली होती. रोज ब्रह्मपुरीला जी प्रत यायची तिच्यात फक्त कागद असत. आवाजाच्या फाइली मोठ्या आणि तिकडचं नेट बारीक, म्हणून रामटेक्यांनी त्या प्रतीतून वगळल्या होत्या. दिवाळीला एक डिस्क मागवून त्यावर भरून घेऊ, असं ठरलं होतं.

रैनू कुमोटी श्रावणात वारले. तीन दिवसांचा ताप.

पोळ्यानंतरच्या त्या मंगळवारी वीज दोनदा गेली आणि दोनदा आली. फुलाबाईंचा फोन आला तेव्हा रामटेके जेवत होते. त्यांनी फोन पेटीशी धरायला सांगितला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं डोळे उघडून त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी ऐकलं. पंखा फिरत होता. त्याच्या आत घड्याळासारखी टकटक, थांबून, पुन्हा टकटक.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"डिस्क. आपटून राह्यली."

मग फोनमध्ये ते म्हणाले, "बाई, बंद करा. काळी बटन. पाच मोजेपर्यंत दाबून ठेवा." फुलाबाईंचा मोजण्याचा आवाज आला. त्यानंतर रामटेक्यांनी मेलचा तो जुना ढीग उघडला. होळीच्या आठवड्यातला मेल सापडायला त्यांना दोन मिनिटं लागली.

शुक्रवारी ते निघाले. मी सोबत होतो. फुलाबाई दारात उभ्या होत्या. "आले का भाऊ," त्या म्हणाल्या. "मले वाटलं तुमी उंच असान." रामटेके हसले नाहीत. खोलीत जाऊन त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि मांडणीसमोर उभे राहिले. इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. मग त्यांनी पेटी क्षणभर चालू केली. तिच्यावर दुसरा लाल दिवा लागला. दोन्हींमध्ये वीतभर अंतर होतं.

"तुमी कोन्ता म्हनत होत्या, बाई?"

फुलाबाईंनी पेटीवर बोट ठेवलं. "हा ना जी. तो तं नेहमीचा. त्याच्यासाठी काऊन फोन करीन मी?"

रामटेक्यांनी चटई मागितली आणि खाली बसले. पेटीचे स्क्रू त्यांनी काढायला घेतले तेव्हा मनिराम आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की ब्रह्मपुरीचे पेटीवाले आले आहेत. तो सायकल उभी करून आत आला, रामटेक्यांना पाहिलं आणि विचारलं, "सायेब, बाबाचा आवाज आनला का? घरी आयकाचा होता. आई म्हनत होती."

रामटेके उठून उभे राहिले. "गेला."

"कुठी?"

"गेला, मनिराम भाऊ. माह्यामुळं गेला. बाईनं मले तीनदा सांगतलं."

"दोनदा," फुलाबाई म्हणाल्या.

मनिराम पेटीकडे पाहत होता. "तुमी तं म्हनले होते जात नाई म्हनून. मी होतो तिथी."

"म्हनलो होतो."

फुलाबाईंनी चहा ठेवला. मनिराम चहा न घेता गेला.

आतला मजकूर काढून मिळतो का हे पाहायला दोन्ही डिस्क नागपूरला गेल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पहिल्या डिस्कवरचा होळीपर्यंतचा मजकूर मिळाला. दुसरीच्या तबकडीवर ओरखडे होते. फाइलींची नावं वाचता आली. यादीत हेटीटोला, रैनू कुमोटी, पहिला दिवस आणि दुसरा दिवस अशा दोन नोंदी होत्या. आत काही नव्हतं. सुनावणीची तारीख दिवाळीनंतरची होती. म्हाताऱ्या माणसाचा जबाब दाव्याला जोडायचा होता.

रामटेके हेटीटोल्याला गेले. कॉलेजातून रजा काढून नऊ दिवस तिथे राहिले. गावात आणखी दोन म्हातारे होते. एकाला ऐकू येत नव्हतं. दुसऱ्यानं बारावी खूण सकाळी नाल्याच्या अलीकडे सांगितली आणि दुपारी पलीकडे. मे महिन्यात मनिराम शीवभर वडिलांपुढे चालला होता, पण गडवा प्रत्येक खुणेशी रिकामा व्हायचा आणि अकराव्या खुणेनंतर जवळपास पाणी नव्हतं. तिथून पुढे प्रत्येक खुणेशी पाणी ओतून झालं की, वडील नाव घेत असताना, तो पुढच्या खुणेसाठी पाणी आणायला मागे किंवा खाली गेलेला असे. रामटेक्यांनी त्याला पुन्हा शीव चालायची विनंती केली. वर्षातून एकदाच नावं घ्यायची, हे मनिरामलाही ठाऊक होतं. तो दोन दिवस नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी गडवा भरून दारात उभा राहिला. "चला. बाबाले मी सांगीन काऊन घेतलो ते."

ब्रह्मपुरीला परतल्यावर रामटेक्यांनी ते रेकॉर्डिंग चार ठिकाणी ठेवलं. कार्ड कोरं केलं नाही. आठवड्याभरात संस्थेला पत्र लिहून काम सोडलं. सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून तो माझ्या हातात दिला. खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती: लाल म्हटलं की फोनवर विचारायचं नाही, जाऊन पाहायचं.

त्यांनी कॉलेजही सोडलं. बल्लारपूरला एका दुकानात आहेत, ऑफिसांमध्ये जाऊन वायरी जोडतात, असं एकानं सांगितलं. मी बल्लारपूरला जाऊन चौकशी केली. दुकान सापडलं. ते बाहेर कामाला गेले होते. दीड तास थांबलो. परत आले नाहीत. त्यांचा जुना नंबर लागत नाही.

सुनावणीत हेटीटोल्याचा दावा अकराव्या खुणेपर्यंत पुढे पाठवण्यात आला. पुढच्या भागावर 'पुरावा अपुरा' असा शेरा आहे.

रामटेक्यांचं रेकॉर्डिंग बावन्न मिनिटांचं आहे. त्यात मनिराम अकरा नावं घेतो. तोवर रेकॉर्डर फक्त खुणांशी चालू केलेला आहे. अकरावं नाव एक्केचाळिसाव्या मिनिटाला येतं. त्यानंतर पाणी ओतल्याचा आवाज आहे आणि मनिराम म्हणतो, "इथून पुढं मले माहीत नाई." रामटेके म्हणतात, "तरी चला." पुढची अकरा मिनिटं दोन माणसांच्या चालण्याचा आवाज आहे.