पेंडवाल्या काकांचे आजारी मासे

पोत्यालाही पाठ असते, एकाच कुशीवर पडून ती अवघडते, म्हणून दर चार दिवसांनी त्याची कूस बदलावी लागते, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या सातारा-सांगली भागात एकच आहे, आणि तो माझ्या वडिलांचा मित्र आहे. काकांचं सांगलीला जनावरांच्या पेंडीचं दुकान आहे. पुढचं दुकान दोन माणसं उभी राहिली की भरतं, पण मागच्या गोदामात पोत्यांचा थाट बघावा. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, दोन रांगांमधून वाऱ्याला ऐसपैस वाट. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, काका मधेच उठून आत जातात. "थांब रं, त्या कोपऱ्यातल्याला जरा उठवून बसवतो," असं म्हणतात, तेव्हा नवख्या माणसाला वाटतं की आत कुणीतरी म्हातारं अंथरुणाला खिळलेलं आहे.

पेंड पारखायची त्यांची रीतही जगावेगळी. ढेप कानाजवळ धरून मोडायची. कट्‌कन आवाज आला तर माल चांगला. "दमट पेंड मुकी असती," असं ते सांगतात. नमुन्याचा एखादा तुकडा कायम त्यांच्या खिशात असतो. विश्रामबागेतल्या एका लग्नात रुमाल काढताना तो खाली पडला आणि शेजारच्या आजोबांनी चिक्की समजून उचलून तोंडात टाकला. काकांनी अडवलं नाही. "खावा आप्पा, ताजी हाय," एवढंच म्हणाले. आजोबांनी खाल्ली, वर चांगली आहे म्हणाले.

पण सगळ्यात अवघड त्यांची चौकशी. जनावराची पुरती माहिती घेतल्याशिवाय ते पोतं हलवू देत नाहीत. नाव काय, कितवं वेत, रवंथ नीट करते का, डोळ्यांतून पाणी येतं का. इथेच माझी पंचाईत झाली. उंब्रजला शाळेत मास्तरकी करून मी उसाच्या कडेला शेततळं केलंय आणि त्यात रोहू-कटला सोडलेत. माशांना कोंड्याबरोबर शेंगदाणा पेंड लागते, आणि आमच्या घरची पेंड वडिलांपासून काकांकडूनच यायची. आता काका जैन, मुंगी दिसली तरी पाऊल बाजूला टाकणारे. मासळीसाठी पेंड द्या, असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? पहिल्याच खेपेला त्यांनी विचारलं, "काय पाळलंयस?" मी म्हणालो, "गाय." "नाव?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "कपिला." त्या दिवसापासून दोन वर्षं मी एक नसलेली गाय सांभाळली. तिला दोनदा वासरं झाली. एकदा ती लंगडली, तेव्हा काकांनी लेपासाठी पाला पाठवून दिला. तो मी बांधावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

गेल्या पावसाळ्यात मी पोती तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत जमिनीवरच टाकली होती. पत्रा गळत होता. एके दिवशी पाहतो तर दोन पोत्यांत हिरवट बुरशी. मी हुशारी केली. वरचा थर खरवडला, पाऊस उघडल्यावर पेंड दोन दिवस कडक उन्हात वाळवली आणि माशांना घातली. तीन आठवड्यांत मासे खाद्यावर येईनासे झाले. एरवी माझी चाहूल लागली की काठाला पाणी उसळायचं, ते आता गप्प. नंतर रोज सकाळी एक-दोन मासे पोट वर करून तरंगायला लागले. पाणी तपासलं, त्यात दोष नव्हता. मग मासळीच्या आजारांची माहिती असलेल्या एका बाईंना बोलावलं. त्यांनी मेलेला मासा कापला आणि मला त्याचं काळीज, म्हणजे यकृत, दाखवलं. लालसर असायचं ते फिकट, पिवळट आणि सुजलेलं होतं. "खाद्याला बुरशी आली होती का?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या अभिमानानं खरवडल्याचं आणि वाळवल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बुरशी काढलीत, पण तिनं सोडलेलं विष पेंडीत मुरलेलं असतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, उन्हानंही जात नाही. थोडं थोडं पोटात गेलं तरी काळीज खातं, आणि मग साधा आजारही माशाला पेलत नाही." ते खाद्य त्यांनी लगेच बंद करायला लावलं. बुरशी पेंड आली तेव्हाच आत मुरलेली होती की इथे माझ्या खोलीत धरली, हे कळायला दुकानातल्या पेंडीचाही नमुना हवा होता.

सांगलीला गेलो. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतो तोच काकांनी विचारलं, "काय रं, कपिला कशी हाय?"

"काका, कपिला नाही."

काका उठून उभे राहिले. "गेली?"

"नव्हतीच. मासे आहेत."

काका परत खाली बसले. मग हळूच म्हणाले, "आनि वासरं?"

"तीही मासेच."

आता पुन्हा पायरी चढू नको म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आजारी किती हायती?" मी सगळं सांगितलं. काकांनी नमुना बांधून दिला, त्या खेपेच्या पोत्यांची विक्री थांबवली आणि वही उघडून गिऱ्हाइकांना एकेक फोन लावायला बसले. "आमचा माल हाय तो, चार दिवस जनावरास्नी घालू नका. माझ्याकडनं काय झालंय का बघतोय." दुकानदार स्वतःच्याच मालाबद्दल असं सांगत सुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं उंब्रजला हजर. आधी खोलीत गेले. "ह्यांना भुईवर निजवलंस? पावसाळ्यात? तू पोरांना शिकवतोस व्हय रं?" मग तळ्याशी आले. काठाजवळ एक कटला मंदपणे तोंड उघडत-मिटत होता. काका उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिले. "न्हाई रं," म्हणाले, "बोलता येत न्हाई बघ ह्यांना."

तपासणीचा निकाल यायला आठ दिवस लागले. काका रोज फोन करत आणि निकालाऐवजी आधी माशांचं विचारत. निकाल आला. दुकानातली पेंड निर्दोष, माझ्या खोलीतली विषारी. मी फोन केला. "म्हंजे माझ्याकडनं न्हाई ना झालं?" त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हणालो. त्यांनी सोडलेला श्वास मला इथे उंब्रजला ऐकू आला. मग म्हणाले, "खरं बोलला असतास तर ठेवायचं कसं ते मीच सांगितलं असतं, गड्या."

मासळीसाठी पेंड विकणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पर आजाऱ्याला पथ्य द्यायला हरकत न्हाई," म्हणून निवडक पेंड स्वतःच घेऊन आले. माझ्या खोलीत फळ्या आल्या, पत्रा बदलला. काका दर रविवारी येऊ लागले. तरंगणारे मासे आधी कमी झाले, मग थांबले. आणि एका रविवारी मी मूठभर खाद्य टाकलं, तर क्षणभर काहीच नाही, आणि मग सगळा काठ खळबळला. शेपट्या, पाठी, तोंडं, आमच्या अंगावर पाणी. काकांची टोपी भिजली. ते हसत सुटले. "खातायत रं! लय खातायत!" माझे डोळे भरून आले होते, पण तोंड ओलं होतं म्हणून निभावलं.

काही महिन्यांनी बाईंनी मासे पुन्हा तपासले आणि विकायला हरकत नाही म्हणाल्या. काकांना सांगणं भाग होतं. ते म्हणाले, "ते तुझं तू बघ. वार तेवढा सांग, म्हंजे मी येणार न्हाई." जाळं ओढलं त्या दिवशी ते आले नाहीत. संध्याकाळी मात्र फोन आला. "दुखत नव्हतं ना कुणाला?" "नाही काका. अंगानं भरलेले होते, चकाकत होते." "बरं," म्हणाले आणि ठेवला.

पुढचे तीन रविवार ते फिरकले नाहीत. चौथ्या रविवारी आले. तळ्यात नवी बोटाएवढी पिल्लं सोडली होती. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "जुनं कुणी ऱ्हायलं असंल का रं?"

"राहतात काका एखाद-दोन, जाळ्याला न सापडलेले."

काकांनी मूठभर पेंड हातात घेतली, लांब खोल पाण्यात टाकली आणि काठावर मांडी घालून बसले. मी शेजारी बसलो. पिल्लं आली, गेली. उसातून वारा येत होता. बऱ्याच वेळानं मधोमध पाणी जरासं फुगलं, एक रुंद, काळसर पाठ वर आली, सावकाश वळली आणि खाली गेली. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.