वरच्या पाळण्यातलं रडणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावांना नाही, देवाला नाही — म्हणजे देवाला सांगितलं, पण उलटं सांगितलं. ते कसं, ते पुढे येईलच. जरा धीर धरा. मलाही धरू द्या.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. चतुर्थीला भाऊ, वहिन्या, पोरंटोरं जमली, गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधून झाली, पंगत उठली, की कुणीतरी म्हणतंच, "दादा, ती पाळण्याची सांग." आणि मी सांगतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे डोळे मोठे करायचे — सगळं बसलेलं आहे. सतरा वर्षांत ती गोष्ट एकदाही पडली नाही. माझ्याकडच्या गोष्टींत सगळ्यात जास्त हसवणारी तीच. आणि सगळ्यात खोटीही तीच.

आधी जत्रेचं सांगतो. मी टाळतोय असं वाटतंय ना? टाळतोयच.

पेडणे तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण जत्रेला माणूस मावत नाही. माहेरवाशिणी येतात, खाज्यांचे ढीग लागतात, आणि देवळामागच्या कापणी झालेल्या शेतात पाळणेवाले आपला संसार मांडतात. कुठले पाळणे आणायचे ते जत्रेची कमिटी ठरवते. मी त्या कमिटीत नवा गेलो तेव्हा पस्तिशीत होतो. कचेरीत कारकून, पोट नुकतंच पुढे येऊ लागलेलं, आणि बोलायची हौस मात्र आमदाराची. तोवर आमच्याकडे यायचं काय, तर पिवळी बदकं, सोंड तुटलेले हत्ती आणि एक झुकझुक गाडी, जी मधूनच दम खायला थांबायची. सगुणतात्या — देवाचे मानकरी, कमिटीचेही अध्यक्ष — म्हणायचे, जत्रा भुरग्यांची, म्हणजे लहान पोरांची, तर पाळणेही भुरग्यांचे.

मी उभा राहिलो. म्हटलं, आणि मोठ्यांनी काय करायचं? नुसत्या पोरांच्या चपला सांभाळायच्या? वर्षभर मोटरसायकलवरून म्हापशाला हेलपाटे घालायचे, साहेबाचं ऐकायचं, घरी येऊन बायकोचं ऐकायचं — एक दिवस तरी त्यांच्या पोटात गोळा यायला नको? माणसाच्या तोंडून किंकाळी निघाली नाही, तर तो पाळणा कसला, ती खुर्ची! असं खूप बोललो. टाळ्या पडल्या. सगुणतात्यांचं काही चाललं नाही. त्या वर्षी मोठा आकाशपाळणा आला. आमच्या देवळाच्या कळसाहून उंच.

आता एक बारीकशी गोष्ट मी कमिटीला सांगितली नव्हती. मला उंचीची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. मी माडावर कधी चढलो नाही, यात काही विशेष नाही, पण मी माळ्यावरची घागरही बायकोला काढायला लावतो. मग पाळणा कशाला आणलास, असं तुम्ही विचाराल. अहो, लोकांसाठी आणला! मी बसेन असं कुठे म्हटलं होतं?

जत्रेच्या दिवशी दुपारी चारला पाळण्याला नारळ फोडला. सगुणतात्या माझ्याकडे वळले. हरलेला माणूस किती गोड हसू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. म्हणाले, "जेना हाडल्यान, तेनाच पयला बसाचा." ज्याने आणला त्यानेच आधी बसायचं — शंभर माणसांसमोर. नाही कसं म्हणणार? आणि तेवढ्यात मितालीने माझं बोट धरलं. माझी मुलगी. सात वर्षांची, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. तिलाही वर जायचं होतं. मला हायसं वाटलं. लहान मूल बरोबर आहे म्हटल्यावर पाळणेवाला हळू फिरवेल — हा माझा विचार. बघा, तेव्हापासूनच मी तिच्याआड उभा राहायला लागलो होतो.

तर, गोष्टीत काय होतं ते तुम्हाला सांगतो. गोष्टीत असं होतं, की आम्ही टोकाला पोचतो आणि जनरेटर बंद पडतो. पाळणा वरच अडकतो, वाऱ्याने हलतो. मिताली खाली बघते आणि रडायला लागते. "उतरवा मला, उतरवा मला," असा टाहो फोडते, की खाली पाव विकणाऱ्या पोदेराला वाटतं आपल्या सायकलीचा भोंगाच कुणी पळवला. ती पाळण्याच्या तळाशी बसते, माझ्या मांडीत डोकं खुपसते. मी तिच्या केसांवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "भिया नको बाय, आता खाली पोचतलों." मग जनरेटर सुरू होतो, आम्ही खाली येतो, आणि वीर पिता मुलीला कडेवर घेऊन उतरतो. इथे सगळे हसतात. मितालीही हसते, लाजून.

ह्यातलं जनरेटर बंद पडणं खरं आहे.

बाकी — बाकी सगळं खरं आहे हो, फक्त माणसं उलटी आहेत. रडलो मी. तळाशी बसलो मी. पस्तीस वर्षांचा, कमिटीचा सदस्य, नव्या इस्त्रीच्या शर्टातला मी — सात वर्षांच्या पोरीच्या फ्रॉकमध्ये तोंड लपवून "उतरवा मला" ओरडत होतो. भीतीने माझा आवाज इतका चिरका झाला होता, की तो मला स्वतःलाही ओळखू येईना. आणि ती? ती एका हाताने दांडा धरून आरामात बसली होती. तिने आधी मला देऊळ दाखवायचा प्रयत्न केला. मग नदी. मग मी काही बघण्यातला नाही हे कळल्यावर तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. माझी आये तिच्या केसांवरून फिरवायची, तसा. आणि म्हणाली, "भिया नको बाबा, आता खाली पोचतलों."

वाक्य तिचं होतं. मी ते घेतलं आणि माझं रडणं तिला दिलं.

पण हे मी ठरवून केलं नाही, असं म्हणावंसं वाटतं. म्हणू? नको. खाली काय झालं तेवढं सांगतो. खालच्यांना पाळण्यात फक्त मितालीचं डोकं दिसत होतं आणि किंकाळ्या ऐकू येत होत्या. आम्ही उतरलो तर बायका धावत आल्या. सगुणतात्या पुढे होते. त्यांचं हसू गेलं होतं, चेहरा खरंच काळजीने उतरला होता. त्यांनी मला विचारलं, "चेडू भियालां मा?"

मुलगी घाबरली ना. प्रश्नातच उत्तर तयार होतं. मला फक्त ते उचलायचं होतं.

"व्हय," मी म्हटलं.

मितालीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मी खय भियालंय? बाबा..." — पुढे ती काय म्हणणार होती, ते मला ठाऊक होतं. मी तिचा हात दाबला. जोरात दाबला. दुखला असणार. आणि सगुणतात्या तिच्या गालाला हात लावून म्हणाले, "भियालेली पोरां अशीच म्हणतत." सगळे हसले.

तरीही ते तिथेच संपलं असतं. पोरं विसरतात. पण आम्ही विसरू देणारी माणसं नाही. घरी आयेने मीठ-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली. मिरच्या जळल्या, ठसका लागला नाही, तेव्हा आये म्हणाली, "बघ, किती लागली होती." दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ घेऊन देवळात गेलो. आमच्याकडे मूल दचकलं, घाबरलं, की देवाला गाऱ्हाणं घालतात. सगुणतात्यांनी मितालीला देवासमोर उभं केलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घातलं — "बा देवा म्हाराजा, तुझ्या जत्रेत पाळण्यात बसान ह्यां लेकरू भियालां, तेच्या अंगातला भय काढून टाक रे म्हाराजा!" आणि सभामंडपात जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं.

तुम्हीच विचार करा — सात वर्षांची पोर. आजी सांगते तू घाबरलीस, गाव सांगतं तू घाबरलीस, देवासमोर तसं बोललं जातं आणि देवही नाही म्हणत नाही. ती तरी किती दिवस एकटी म्हणत राहील, की मी घाबरले नव्हते? पहिल्या चतुर्थीला मी गोष्ट सांगितली तेव्हा ती मधेच उठून आत गेली. दुसऱ्या वर्षी बसून राहिली. तिसऱ्या वर्षी हसली. आणि चौथ्या वर्षी — मला तो दिवस आठवतो — गोष्टीत माझी एक ओळ सुटली, तर ती तिने भरली. "बाबा, मी खाली बसले ते सांगायचं राहिलं." तिला आता ते आठवत होतं.

आणि मी? मी पक्ष बदलला. पुढच्याच वर्षी कमिटीत उठून म्हटलं, जत्रा लहान मुलांची आहे, पाळणे मुलांच्या मनाला झेपतील असेच हवेत. कुणी काही बोलायला लागलं की मी हळू आवाजात म्हणायचो, "माझ्या मुलीचं काय झालं, ते तुम्ही पाहिलंत." विषय तिथेच मिटायचा. पुढची सोळा वर्षं आमच्या जत्रेत बदकं आणि हत्तीच फिरले. लोक मला मुलांचा कैवारी समजतात. एकदा शाळेत बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं मला. गेलोही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येईल. मी नेतोच. पण तीन वर्षांपूर्वीचं नेता येत नाही.

मितालीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. वर्गात मुली दोनच, आणि पहिली ही. मुरगाव बंदरावरच्या एका कंपनीचं पत्र आलं. मोठमोठ्या क्रेनच्या देखभालीचं काम. तिने ते पत्र जेवताना माझ्या पानाशेजारी ठेवलं. माझे दोन्ही भाऊ आले होते, सगळे बसलो होतो. ती म्हणाली, "बाबा, वर चढावं लागतं हो. केबिनपर्यंत. माझ्यानं होईल?"

तिने मला विचारलं. जगात एकच माणूस होता ज्याला ठाऊक होतं की होईल. ज्याने तिला त्या उंचीवर बसलेलं पाहिलं होतं, एका हाताने दांडा धरून, नदी दाखवताना. एक वाक्य पुरलं असतं. पण भाऊ समोर होते, वहिनी वाढत होती, आणि ते वाक्य बोललो असतो तर त्या दिवसापासून चतुर्थीच्या गोष्टीत रडणारा मी झालो असतो. मी आमटीत पाव बुडवला आणि म्हटलं, "तुझं तुला ठाऊक आहे, बाय."

धाकटा भाऊ म्हणाला, "क्रेनवरून रडायला लागलीस तर सगळं बंदर बंद करावं लागेल गो!" सगळे हसले. तीही हसली. मग पत्राची घडी घालून तिने ते उचललं. आता ती पेडण्यात एका दुकानात स्कूटरच्या विम्याचे कागद भरते. तळमजल्यावर.

ह्या वर्षी कमिटीत नवी मुलं आली. त्यांना मोठे पाळणे हवे होते — आकाशपाळणा, कोलंबसची होडी, सगळं. मी उठलो, माझं नेहमीचं बोललो, शेवटी हळू आवाजात मुलीचंही बोललो. एक पोरगा म्हणाला, "काका, ती चोवीस वर्षांची झाली आता." पहिल्यांदाच हरलो. आकाशपाळणा आला.

त्या दिवशी मिताली पाळण्याखाली उभी होती. दोन्ही खांद्यांवर चुलत भावंडांच्या पर्सा, हातात त्यांच्या चपला. ती नेहमी तेच करते. धाकट्या भावाची जुई, सहा वर्षांची, तिचा हात ओढत होती — चल, वर जाऊया. एक पाय तिने पाळण्याच्या पायरीवर ठेवलाही होता. मिताली तिच्यासमोर उकिडवी बसली आणि सांगायला लागली. मी मागेच होतो. ती माझ्याच जागी थांबली. माझ्याच जागी आवाज चढवला. डोळे मोठे केले. रांगेतले लोक ऐकायला लागले. शेवटी तिने जुईच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मग बाबांनी माझं डोकं मांडीवर घेतलं नि म्हणाले, भिया नको बाय, आता खाली पोचतलों. त्या दिवशी बाबा नसते तर माझं काय झालं असतं, कुणाक ठावक."

रांगेतले लोक हसले. मितालीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माझे आभार होते, अगदी मनापासूनचे.

जुईने वर पाळण्याकडे पाहिलं. मग पायरीवरचा पाय काढून घेतला. "माका बदकात बसव," ती म्हणाली.

आणि मी हसलो. गोष्टीत जिथे हसायचं असतं, तिथेच. मग जुईला कडेवर घेतलं आणि बदकांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.